लाभांश : खावा की पेरावा?

१४ मार्च २०२३ रोजी महाराष्ट्रातील शिक्षक, लिपिक आणि अन्य सरकारी-निमसरकारी कर्मचारी जुन्या निवृत्तिवेतनाच्या मागणीसाठी संपावर गेले, तेव्हा चर्चेचा सारा रोख शासनाच्या तिजोरीवर पडणाऱ्या बोजावर होता. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या माणसाने स्वतःच्या उतारवयासाठी स्वतः काय करावे, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. पुढे सुधारित योजनांच्या घोषणा झाल्या. त्यांचे गुणदोष हा वेगळा विषय आहे. परंतु आधीच्या पिढीतील शिक्षकाला जी विवंचना नव्हती, ती या पिढीला काही प्रमाणात तरी आहे, हे मान्य करावयास हवे. बँकेतील मुदत ठेव, पोस्टाची बचतपत्रे, विमा आणि सोने या परिचित चौकटीबाहेर पाऊल टाकून हा वर्ग शेअरबाजाराच्या दाराशी येतो, आणि तेथे त्याला प्रथम भेटतो तो 'टिप' देणारा हितचिंतक. कोणता शेअर आज घ्यावा आणि तो उद्या कितीला विकावा, यावर हा गृहस्थ तासभर बोलू शकतो. घेतलेला शेअर वीस-तीस वर्षे विकलाच नाही तर काय होते, याविषयी त्याला सहसा काहीच सांगावयाचे नसते.

बहुसंख्य कंपन्यांच्या बाबतीत एवढा दीर्घ विचार करणे धाडसाचेच असते, हेही खरे. मुंबईच्या गिरण्या गेल्या. स्कूटरसाठी ग्राहकाला वर्षानुवर्षे ताटकळत ठेवणारे कारखाने बंद पडले. वीज, गॅस, पाणी अशा नित्योपयोगी सेवा पुरवणाऱ्या कंपन्या मात्र याला काही अंशी अपवाद आहेत. त्यांचा धंदा कंटाळवाणा असतो. मागणी एकदम वाढत नाही, एकदम आटतही नाही. एकाच मार्गावर दोन कंपन्यांनी समांतर तारा ओढणे हा राष्ट्रीय अपव्यय ठरत असल्यामुळे अशा कंपनीला मक्तेदारी द्यावयाची आणि त्या बदल्यात तिच्या नफ्याला वेसण घालावयाची, असा सौदा जगभर झालेला आहे.

महाराष्ट्राला हा सौदा जुना आहे. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी १९१० साली स्थापन झाली. लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधून त्यांचे पाणी घाटाखाली खोपोलीला सोडावयाचे आणि त्यातून निघणारी वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवावयाची, ही योजना १९१५ मध्ये प्रत्यक्षात आली. पाठोपाठ १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा येथील केंद्रे उभी राहिली. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचे धरण बांधले गेले आणि त्यात पन्नासएक गावांची जमीन गेली. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात झालेला मुळशी सत्याग्रह याच धरणाविरुद्धचा. कंपनीच्या ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला दिसणाऱ्या काही रकमांची किंमत ताळेबंदाबाहेरच्या माणसांनी मोजलेली असते, हे लाभांशाचा हिशेब मांडतानाही विसरण्याचे कारण नाही. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या वीज (पुरवठा) कायद्याने खासगी परवानाधारकांच्या नफ्याला 'वाजवी परताव्या'ची मर्यादा घातली. दीर्घकाळ ही मर्यादा रिझर्व्ह बँकेचा बँक दर अधिक दोन टक्के अशी होती.

केंद्रीय वीज नियामक आयोगाची आजची पद्धत मुळात याच कल्पनेवर उभी आहे. प्रकल्पाच्या खर्चापैकी ७० टक्के रक्कम कर्जाची आणि ३० टक्के भागभांडवलाची धरली जाते. कर्जावरील व्याज, घसारा आणि देखभालीचा मान्य खर्च वीजदरातून वसूल करू दिला जातो आणि भागभांडवलावर ठराविक परतावा मिळतो. २००४ ते २००९ या काळात हा परतावा १४ टक्के होता, २००९ पासून तो साडेपंधरा टक्के झाला, आणि २०२४ ते २०२९ या कालखंडात नव्या वीजवहन प्रकल्पांसाठी १५ टक्के ठरला आहे. साडेपंधरा टक्के हा आकडा वाचून हुरळून जाण्याचे मात्र कारण नाही. तो कंपनीच्या पुस्तकातील भांडवलावर मिळतो. त्या भांडवलाच्या दुप्पट भाव देऊन बाजारातून शेअर विकत घेणाऱ्याच्या वाट्याला त्याचा निम्माच भाग येतो, हे साधे गणित अनेकांच्या लक्षात येत नाही.

कंटाळवाणा शेअर

पॉवर ग्रिड कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. ही कंपनी वीज निर्माण करीत नाही आणि घरोघरी विकतही नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ती वाहून नेते. २००७ च्या सप्टेंबरात तिने ५२ रुपये दराने शेअरविक्री केली आणि ऑक्टोबरात बाजारात नोंद झाली त्या दिवशी भाव शंभराच्या आसपास गेला. ज्यांनी त्याच दिवशी विकून मोकळे होण्याचे ठरवले, त्यांची रक्कम जवळजवळ दुप्पट झाली आणि त्यांचे त्या काळी कौतुकही झाले. ज्यांनी ठेवला, त्यांच्या वाट्याला दीर्घ काळ काहीच आले नाही असे वाटावे, अशी परिस्थिती होती. २०१० साली कंपनीने पुन्हा शेअरविक्री केली ती ९० रुपयांनी. २०१३ च्या डिसेंबरात तिसऱ्यांदा केली तीही ९० रुपयांनीच. लाभांश शेअरमागे एक-दोन रुपयांच्या घरात रेंगाळत होता. सहा वर्षांत जो शेअर जागचा हलत नाही, तो बाळगणाऱ्याला घरातील मंडळी काय म्हणत असतील याची कल्पना करता येते.

या काळात कंपनी काय करीत होती? नफ्याचा मोठा भाग स्वतःकडे ठेवून ती त्यातून नव्या वाहिन्या उभारीत होती, आणि प्रत्येक नवी वाहिनी कार्यान्वित होताच तिच्यातील भागभांडवलावर साडेपंधरा टक्क्यांचा हक्क सुरू होत होता. वाहिनी पुरी होईपर्यंत त्या पैशावर दमडी मिळत नाही. म्हणूनच ही वर्षे भागधारकाला कोरडी गेली. थोडक्यात, भागधारकाच्या वतीने कंपनीच पेरणी करीत होती. पीक पुढे आले. २०१६ साली केंद्र सरकारने आपल्या कंपन्यांना नफ्याच्या ३० टक्के किंवा निव्वळ मालमत्तेच्या ५ टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तेवढा लाभांश वाटण्यास सांगितले. सरकारला अर्थसंकल्पासाठी पैसा हवा होता. लहान भागधारकाच्या हिताचा विचार त्यामागे असेल असे समजण्याचा भाबडेपणा करू नये. पण सरकारच्या ताटात वाढताना शेजारच्या पानावरही वाढावे लागते. २०२०-२१ या वर्षाचा लाभांश शेअरमागे १२ रुपये झाला, आणि २०२० सालात शेअरचा भाव बहुतांशी दोनशेच्या खालीच होता.

त्यानंतर २०२१ आणि २०२३ मध्ये दोन वेळा तीन शेअरमागे एक याप्रमाणे बोनस शेअर दिले गेले. म्हणजे २००७ मधील १०० शेअरचे सुमारे १७८ झाले. २०२४-२५ साठी शेअरमागे एकंदर ९ रुपये लाभांश मिळाला. मूळच्या एका शेअरमागे हे १६ रुपये होतात. ५२ रुपयांनी घेणाऱ्याला मूळ रकमेवर एका वर्षात ३१ टक्के, आणि पहिल्या दिवशी शंभराने घेणाऱ्यालाही १६ टक्के. हे आकडे आलेला लाभांश खर्च करणाऱ्याचे आहेत. दरवर्षी त्याच लाभांशाचे शेअर घेत गेलेल्याकडे शेअरची संख्याच याहून अधिक झालेली असणार. अर्थात २०२५ मध्ये पावणेतीनशेच्या पुढच्या भावाने नव्याने शिरणाऱ्याला हाच ९ रुपयांचा लाभांश जेमतेम तीन-सव्वातीन टक्के पडतो. जुन्या भागधारकाचे सुख त्याला त्याच दराने विकत मिळत नाही.

येथे एक गोष्ट सामान्य समजुतीच्या उलट आहे. भाव वर्षानुवर्षे न हलणे ही लाभांश पेरणाऱ्याच्या दृष्टीने आपत्ती नसून सवलत असते. कल्पित आकड्यांवर हे पाहता येईल. शेअरचा भाव १०० रुपये, लाभांश ५ रुपये, आणि लाभांश दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतो असे धरू. भावही त्याच वेगाने वाढत गेला, तर दहा वर्षे लाभांशाचे शेअर घेत राहणाऱ्याच्या १०० शेअरचे १६३ होतात. भाव दहाही वर्षे शंभरावरच खिळून राहिला आणि लाभांश मात्र वाढत गेला, तर १०० चे १८४ होतात. ही २१ शेअरची अधिक कमाई बाजाराच्या निरुत्साहाने दिलेली असते. अट एवढीच की कंपनीची मिळकत खरोखर वाढत असली पाहिजे. मिळकत न वाढता भाव पडून राहिलेला शेअर पेरत राहणे म्हणजे खडकावर पेरणे होय, आणि या दोन अवस्थांतील फरक ओळखण्यासाठी वार्षिक अहवाल वाचावाच लागतो.

तीस वर्षांचा हिशेब

आता सेवेत लागलेल्या शिक्षकाच्या दृष्टीने हाच हिशेब लांबवू. त्याने एक लाख रुपयांचे १००० शेअर घेतले. लाभांश भावाच्या ५ टक्के, आणि लाभांश व भाव दोन्ही दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतात. दरवर्षीचा लाभांश त्याने खर्च केला, तर तिसाव्या वर्षानंतर त्याला वर्षाला सुमारे २१,६०० रुपये मिळू लागतील. पहिल्या वर्षीच्या ५,००० च्या तुलनेत ही रक्कम भरघोस दिसते. पण महागाईही ५ टक्क्यांनीच वाढली असेल, तर या २१,६०० रुपयांत तेव्हा तेवढेच जिन्नस येतील, जेवढे पहिल्या वर्षी ५,००० मध्ये येत होते. त्याने काही गमावले नाही, काही कमावलेही नाही. त्याला महागाईपासून संरक्षण मिळाले. लाभांशाचे शेअर घेत गेला, तर त्याच्याकडे ४,३२२ शेअर होतील आणि वर्षाचा लाभांश सुमारे ९३,४०० रुपये होईल.

पण हा हिशेब प्राप्तिकर खात्याला वगळून केलेला आहे. ३१ मार्च २०२० पर्यंत लाभांशावरील कर कंपनीच भरीत असे. त्यानंतर लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात मिळवून त्यावर त्याच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. २० टक्के कर भरणाऱ्याच्या हाती ५ चे ४ च राहतात. मग तीस वर्षांनी शेअर ३,२४३ होतात आणि लाभांश सुमारे ७० हजार. आजच्या किमतींत मोजल्यास ही रक्कम १६,२०० रुपयांच्या आसपास येते. म्हणजे एका लाखाच्या मोबदल्यात वर्षाला पाच हजारांऐवजी सोळा हजारांची क्रयशक्ती. ही जादू नव्हे, पण निवृत्तीनंतरच्या घरखर्चात दुर्लक्ष करण्याजोगी रक्कमही नव्हे. कर्ज देणाऱ्याला आपल्याकडे दामदुपटीच्या नियमाने मुद्दलाइतक्याच थकीत व्याजाची मर्यादा घातली होती. भागधारकाच्या चक्रवाढीला अशी मर्यादा नाही, तसे तिला कोणाचे संरक्षणही नाही.

अमेरिकेत कंपन्याच लाभांशाचे परस्पर शेअर करून देण्याच्या योजना चालवतात. शेअरचा अपूर्णांकही खात्यावर जमा होतो. भारतात शेअरचा अपूर्णांक विकत घेता येत नाही आणि लाभांश थेट बँकेच्या खात्यात येऊन पडतो. ज्या खात्यातून मुलांची फी, गॅसचा सिलिंडर आणि गृहकर्जाचा हप्ता जातो, त्याच खात्यात. सातआठशे रुपयांची रक्कम तेथे आल्याचे पुष्कळदा लक्षातही येत नाही. पेरणीचे धान्य वेगळ्या कणगीत ठेवण्याची शेतकऱ्याची रीत येथे उपयोगी पडते. लाभांशापुरते स्वतंत्र बचत खाते उघडून वर्षातून एकदा त्या रकमेचे शेअर घेणारे लोक आहेत, आणि ही साधी व्यवस्था कोणत्याही सल्लागाराच्या सल्ल्याहून अधिक टिकते.

परंतु लाभांश थांबलाच तर? न्यूयॉर्क शहराला वीज पुरवणारी कन्सॉलिडेटेड एडिसन ही १८२३ साली स्थापन झालेल्या एका गॅस कंपनीची वारसदार. १८८५ पासून तिने लाभांश चुकवला नव्हता. अशा शेअरना अमेरिकेत 'विधवा व अनाथांचे शेअर' म्हणत. पोरक्यांनी निर्धास्तपणे विसंबावे असे. १९७३ च्या तेलबंदीनंतर इंधनाचा खर्च कडाडला, दरवाढ वेळेवर मिळाली नाही, आणि एप्रिल १९७४ मध्ये कंपनीने तिमाही लाभांश रद्द केला. शेअरचा भाव निम्म्याहून खाली घसरला. लाभांशावर चूल पेटवणाऱ्या वृद्धांचे त्या वर्षी हाल झाले, यात संशय नाही. न्यूयॉर्क राज्याच्या वीज प्राधिकरणाने कंपनीची दोन अपुरी केंद्रे विकत घेतली तेव्हा कोठे तिला श्वास घेता आला. लाभांश पुन्हा सुरू झाला आणि १९७५ पासून तो दरवर्षी वाढत आला आहे. २०२५ च्या आरंभी कंपनीने सलग ५१ वी वाढ जाहीर केली. १९७४-७५ च्या पडत्या भावात ज्यांना शेअर घेत राहणे शक्य झाले, त्यांना ते आयुष्यातील सर्वांत स्वस्त शेअर ठरले. तेच संकट एकाला बुडवणारे आणि दुसऱ्याला तारणारे ठरले, आणि फरक एवढाच होता की एकाला त्या तिमाहीच्या लाभांशाची गरज होती व दुसऱ्याला नव्हती.

सर्वच गोष्टींचा शेवट असा होत नाही. कॅलिफोर्नियातील पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीने वणव्यांच्या नुकसानभरपाईच्या धास्तीने २०१७ च्या डिसेंबरात लाभांश थांबवला, २०१९ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि २०२३ च्या अखेरीस लाभांश पुन्हा सुरू झाला तो नाममात्र. आपल्याकडे टाटा पॉवरचा अनुभव निराळ्या कारणाने बोधप्रद आहे. नियंत्रित दराचा सुरक्षित धंदा असलेल्या या कंपनीने गुजरातेतील मुंद्रा येथे ४,००० मेगावॉटचा प्रकल्प निविदेतून मिळवला. दर युनिटला सरासरी २ रुपये २६ पैसे. इंडोनेशियाने निर्यात कोळशाच्या किमतीचे नियम बदलले आणि हा दर अपुरा पडला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई दर नाकारला. नियंत्रित परताव्याची हमी असलेला धंदा आणि स्वतः दर सांगून जिंकलेला ठेका, हे दोन्ही एकाच नावाच्या शेअरमध्ये नांदत असतील, तर 'वीज कंपनी म्हणजे सुरक्षित' हे समीकरण निरर्थक ठरते. आणि नुसत्या 'पॉवर' या शब्दाची मोहिनी काय करू शकते, ते रिलायन्स पॉवरने २००८ च्या जानेवारीत दाखवले. किरकोळ गुंतवणूकदारांना ४३० रुपयांनी दिलेला शेअर पहिल्याच दिवशी ३७२ रुपयांवर बंद झाला, आणि २०२० मध्ये तो दोन रुपयांच्याही खाली गेला होता. नंतर मिळालेले बोनस शेअर धरूनही हे नुकसान भरून निघणारे नव्हते. त्या कंपनीजवळ तेव्हा कागदावरचे प्रकल्प होते; आयोगाने मान्य केलेले भागभांडवल नव्हते.

तेव्हा एका शेअरवर सारी पुंजी लावणाऱ्याला चक्रवाढीचे कोष्टक तारू शकत नाही. भविष्यनिर्वाह निधी, मुदत ठेव यांच्या जोडीला बचतीचा एक हिस्सा, आणि तोही दोन-तीन कंपन्यांत विभागलेला, एवढीच या मार्गाची मर्यादा मानणे शहाणपणाचे. निवृत्तीच्या दिवसापासून पेरणी थांबवून पीक घरी आणावयाचे असते, हेही येथेच नोंदवावे. सत्तराव्या वर्षी लाभांशाचे शेअर घेत राहणारे आणि औषधांसाठी मुलांकडे हात पसरणारे वृद्ध समाजात आढळतात.

या साऱ्या हिशेबाचा शेवटचा धागा विजेच्या बिलापाशी जाऊन पोहोचतो. भागधारकाचा परतावा ग्राहकाच्या खिशातून येतो, आणि ग्राहकाला न परवडणारा परतावा कागदावर कितीही भक्कम असला तरी टिकत नाही. दाभोळच्या विजेचा दर असह्य झाला तेव्हा २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने ती घेणे थांबवले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोर झाली. वीजवहनाच्या क्षेत्रातही आता नव्या वाहिन्या बहुतांशी स्पर्धात्मक निविदांतून दिल्या जातात. तेथे आयोगाने ठरवलेला परतावा नसतो, निविदेत सांगितलेला दर असतो. जुन्या वाहिन्यांचा घसारा होत जाईल तसा सुरक्षित भागाचा वाटा कमी होणार आहे. ३१ मार्च २०२९ रोजी सध्याचा दरकालखंड संपेल. त्यापूर्वी आयोग नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध करील, हरकती मागवील, कंपन्यांचे वकील आणि राज्यांच्या वितरण कंपन्यांचे अधिकारी परताव्याच्या अर्ध्या-अर्ध्या टक्क्यासाठी भांडतील. ज्या शिक्षकाच्या घरी महिन्याला विजेचे बिल येते आणि वर्षातून दोन-तीनदा लाभांशही येतो, त्याने त्या मसुद्यावर कोणत्या बाजूने हरकत नोंदवावी, हे त्याला दोन्ही आकडे समोर ठेवूनच ठरवावे लागेल.